अफवा ओळखायला शाळेत कोण शिकवणार?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. कारण, मोबाइलवर फिरलेली अफवा.

त्याच वर्षी केरळच्या कन्नूर जिल्ह्यात सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे तास सुरू झाले. गोवर-रुबेला लसीबद्दलच्या अफवांनी तेथील प्रशासन जागे झाले होते. फिनलंडमध्ये २०१६ पासून हे कौशल्य सर्वच विषयांतून शिकवले जाते.

आम्हाला वाटते, हे एखाद्या जिल्हाधिकाऱ्याच्या उत्साहावर सोडता येणार नाही; ते अभ्यासक्रमातच हवे. अफवेच्या तडाख्यात आधी सापडतो तो गरीब, भटका माणूस. तोवर आपापल्या अभ्यासिकेत मुलांना तीन प्रश्न शिकवू या: हे कोणी लिहिले? केव्हा? पुरावा काय?