नवतप्यात डेस्कटॉप की लॅपटॉप?

विदर्भात लग्नसराई आणि उन्हाळा एकदमच कळसाला पोचतात. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, 25 मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पत्रिका, स्वागताचे फ्लेक्स, शिकवणी वर्गांच्या जाहिराती, कॉलेजप्रवेशाची माहितीपत्रकं असं सगळं काम अंगावर येऊन पडतं. घरी बसून ही कामं घेणारी मुलंमुली आता आर्वी-हिंगणघाटातही आहेत. त्यांचा पहिला मोठा खर्च म्हणजे कॉम्प्युटर. डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप, याचं उत्तर दुकानदार प्रोसेसर, रॅम आणि हप्त्यांत देतो. माझ्या मते वर्ध्यापुरतं तरी ते आधी थर्मामीटरला विचारावं आणि मग इन्व्हर्टरला.

ॲपल कंपनी आपला मॅकबुक 10 ते 35 अंश सेल्सिअसमध्ये वापरावा असं सांगते. इतर अनेक लॅपटॉपांची मर्यादाही त्याच्या आसपासच असते. हे तापमान यंत्राचं नव्हे, त्याच्या भोवतालच्या हवेचं. वर्ध्यात 35 अंश मार्चमध्येच होतात. म्हणजे पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसणारा डिझायनर वर्षातले किमान दोन-अडीच महिने कंपनीने आखलेल्या रेषेबाहेर काम करत असतो.

रेषेबाहेर गेल्यावर नेमकं काय होतं? प्रोसेसरच्या चिपला साधारण 100 अंशांपर्यंत तापण्याची मुभा असते. चिपमधली उष्णता हवेत किती वेगाने जाईल ते दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी जसं उतार पाहून धावतं, तसंच. खोली 25 अंशांवर असेल तर फरक 75 चा, खोली 45 वर गेली की 55 चा. तोच पंखा, उष्णता वाहून नेणारं तेच तांबं, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद सुमारे 27 टक्क्यांनी घटली. मग चिप स्वतःच आपला वेग आणि व्होल्टेज कमी करते. इथे गणित थोडं आपल्या बाजूने आहे. चिपची वीज वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या गुणाकारात वाढते. दोन्ही बरोबरीने उतरवले तर 27 टक्के उष्णता वाचवायला वेग दहा टक्क्यांच्या आसपासच सोडावा लागतो. एवढ्यावर कुणाचा धंदा बसत नाही.

लॅपटॉपची खरी गोची वेगळीच आहे. तो हाताने शिवायचा असतो. मनगट टेकतं तो पत्रा फार तापू नये म्हणून यंत्राच्या आत आणखी एक मर्यादा घातलेली असते, आणि अनेकदा चिप 100 अंशांना पोचण्याआधीच ती मर्यादा येते. हवाच 45 अंशांची असेल तर पत्रा त्याहून थंड राहणं शक्यच नाही. म्हणून दुपारी लॅपटॉप जेवढा मंदावतो तेवढा डेस्कटॉप मंदावत नाही. टेबलाखालच्या खोक्याला कुणी हात टेकत नाही, शिवाय आत मोठा पंखा, भरपूर पोकळी आणि जाड हीटसिंक असतो.

यावर विदर्भाचा उपाय ठरलेला: कूलर. बाहेर 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असताना, पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त 24 अंशांपर्यंत उतरू शकते. घरचा बरा कूलर त्यातला बराच पल्ला गाठतो आणि खोली तिशीच्या आसपास आणतो. वरच्या हिशेबात 55 चा फरक पुन्हा 70 होतो. कूलरच्या दमट हवेने कॉम्प्युटर बिघडतो, ही भीती मला अर्धीच खरी वाटते. चालू यंत्र खोलीपेक्षा गरम असतं, त्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. वाईट असतात ते पाण्याचे उडणारे बारीक थेंब. बोअरच्या जड पाण्यातले क्षार सर्किटवर पांढरी पुटं सोडून जातात. तेव्हा कूलर खोलीत खुशाल असू द्या, फक्त त्याचा झोत यंत्रावर नको. पावसाळा लागला की आर्द्र हवेत कूलरची मात्रा चालत नाही, पण तोवर पारा उतरलेला असतो.

कापसाच्या या जिल्ह्यात आणखी एक त्रास संभवतो. जिनिंगजवळच्या घरात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. लॅपटॉपच्या हीटसिंकच्या पट्ट्यांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर. तंतू तिथे अडकले की त्यांचा नमदा तयार होतो आणि हवा कोंडते. डेस्कटॉपचं झाकण उघडून ब्रश फिरवता येतो. लॅपटॉप खोलायला बारीक स्क्रू आणि धीर दोन्ही लागतात.

आता वीज. इथे पारडं फिरतं. घरच्या इन्व्हर्टरची 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1,800 वॅट-तास देते. घट धरून हाती 1,200 येतात असं समजू. मोठं ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप आणि 24 इंची मॉनिटर मिळून 150 वॅट खात असतील तर आठ तास निघतात. लॅपटॉप 50 वॅटवर तिप्पट वेळ काढतो. पण दीड-पावणेदोनशे वॅटचा कूलरही त्याच इन्व्हर्टरवर टाकला, की डेस्कटॉपचे आठ तास चारवर किंवा त्याहूनही खाली येतात.

एक बारकावा अनेकांना ठाऊक नसतो. वीज गेल्यावर डेस्कटॉपला वीज पुरवणारा एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर 16-17 मिलिसेकंद तग धरतो. अनेक इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ मोडचं बटण असतं. त्या मोडमध्ये वीज बदलायला दहाएक मिलिसेकंद लागतात आणि कॉम्प्युटरला काही कळत नाही. दुसऱ्या मोडमध्ये याच्या कितीतरी पट वेळ जातो आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू होतं. सेव्ह न केलेली पत्रिका तेव्हा गेलीच.

लॅपटॉपला हा घोर नाही, पण त्याच्या बॅटरीचं दुखणं उष्णताच. लिथियम बॅटरी 40 टक्के भरून 25 अंशांत वर्षभर ठेवली तर तिची क्षमता सुमारे 96 टक्के उरते. पूर्ण भरून 40 अंशांत ठेवली तर 65 टक्क्यांच्या आसपास. दिवसभर चार्जरला लावलेल्या लॅपटॉपची गत या दुसऱ्या बॅटरीसारखी होते. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच कंपन्या देतात. ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

कामाचं वजनही पाहावं लागतं. कोरलड्रॉमधली नक्षीदार पत्रिका वेक्टरमध्ये असते, म्हणून हलकी. फोटो भरलेला 10 बाय 20 फुटांचा फ्लेक्स मात्र इंचाला 72 पिक्सेल धरले तरी जवळजवळ 15 कोटी पिक्सेलांचा होतो. सीएमवायकेच्या चार रंगांचे चार बाइट धरा, एका थरालाच सुमारे 600 एमबी लागतात. असे पाच-सहा थर झाले की 8 जीबी रॅम पुरत नाही. डेस्कटॉपमध्ये नंतर रॅम टाकता येते. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच डाखलेली असते.

माझा कौल घरच्या एका टेबलावर काम करणाऱ्यासाठी डेस्कटॉपकडे, इन्व्हर्टर यूपीएस मोडला लावून. कामासाठी सेलू, देवळी, हिंगणघाट असं फिरावं लागत असेल, किंवा घरी इन्व्हर्टरच नसेल, तर लॅपटॉपला पर्याय नाही. मग त्याला खाली हवा खेळेल असा स्टँड द्यावा आणि घरी वेगळा मॉनिटर जोडावा. स्वस्त लॅपटॉपांचे पडदे अनेकदा ‘45 टक्के एनटीएससी’ दर्जाचे असतात. एसआरजीबी या प्रचलित रंगसंचातले जेमतेम दोन तृतीयांश रंग ते दाखवतात. लाल-केशरी छटा त्यांवर फिक्या दिसतात, म्हणून नवखा डिझायनर रंग वाढवत जातो आणि पत्रिका छापून येते ती भडक. पैसे मोजकेच असतील तर जास्तीच्या प्रोसेसरपेक्षा ते चांगल्या पडद्यावर घालावेत.