परक्या कारागिराची पेटी

(कारखान्यातील संगणक : लेखांक नववा)

मागील लेखांकात आपण मेव्हन या साधनाची तोंडओळख करून घेतली. प्रोग्रामच्या विखुरलेल्या फायली गोळा करून, त्यांचे संकलन करून, त्यांतून चालवण्याजोगा एक जिन्नस बांधून देण्याचे काम, म्हणजेच बिल्ड, ते कोणत्या क्रमाने पार पाडते, हेही पाहिले. परंतु ते सारे वर्णन सरकारी परिपत्रकातल्या कार्यपद्धतीसारखे होते. परिपत्रकात अर्ज कधी गहाळ होत नाही आणि कारकून कधी रजेवर नसतो. बिल्ड अडते कोठे आणि अडल्यावर अडचणीचा माग काढायचा कसा, हे त्यात आले नव्हते, आणि वाचकांच्या पत्रांचा रोख पाहता त्यांना हवे आहे ते नेमके तेवढेच. म्हणून या वेळी एका गुरुवारची हकीगत सांगतो.

पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात गुरुवार हा सुटीचा वार. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची. त्यानंतरच्या काही दशकांत पवना आणि इंद्रायणी यांच्या मधल्या माळरानावर जी कारखानदारी उभी राहिली, तिने पंचांगातला रविवार बाजूला सारून स्वतःचा एक रविवार निर्माण केला, आणि यंत्रे थांबलेली असतात म्हणून संगणकाच्या दुरुस्तीची सगळी कामे बिचाऱ्या त्याच दिवसावर येऊन पडतात. २०१७ सालच्या अशाच एका गुरुवारी, मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडून चाकणच्या अंगाला असलेल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी आणि आमच्याकडे नव्याने रुजू झालेली एक अभियंता मुलगी असे दोघे गेलो होतो. ओतकामाच्या प्रत्येक नगाचा हीट नंबर, त्याचे चलन, त्याचे रिजेक्शन यांचा हिशोब ठेवणारा सात वर्षांपूर्वीचा एक प्रोग्राम तेथे जुन्या यंत्रावर चालत असे. तो नव्या सर्व्हरवर हलवायचा होता, आणि त्यासाठी पहिले काम म्हणजे नव्या जागी डेटाबेसचा स्कीमा, अर्थात सर्व टेबलांची रिकामी मांडणी, उभी करणे.

हा स्कीमा कोणी हाताने लिहीत नव्हते. गॅव्हिन किंग याने २००१ साली सुरू केलेल्या हायबरनेट या साधनाची रीत अशी की प्रोग्रामरने आपल्या जावा भाषेतले वर्ग लिहावेत, कोणता वर्ग कोणत्या टेबलात जाईल याच्या खुणा त्यांवर कराव्यात, आणि त्या खुणांवरून टेबले निर्माण करणारे एसक्यूएलचे हुकूम हायबरनेटने स्वतः काढावेत. मेव्हनच्या बिल्डमध्ये हे काम एका प्लगिनकडे, म्हणजे मेव्हनला बाहेरून जोडलेल्या उपसाधनाकडे, सोपवलेले होते. तो प्लगिन कोडहाउस नावाच्या ज्या मुक्तस्रोत संस्थेच्या आश्रयाने वाढला, तिने २०१५ साली आपले दुकान बंद केले, त्यामुळे आमच्या हाती आलेली ही वस्तू म्हणजे कारागीर निवर्तल्यावर उरलेले, मोडले तर भाग न मिळणारे घड्याळच म्हणायचे.

मुलीने बिल्ड सुरू केली. पडद्यावर अक्षरांचा प्रपात कोसळला आणि तळाशी ‘बिल्ड फेल्युअर’ अशी मुद्रा उमटून थांबला. तिने तळची ओळ वाचली, बिल्ड पुन्हा चालवली, पुन्हा तीच ओळ वाचली. नवशिक्याची ही सवय मी तीस वर्षे पाहतो आहे. वस्तुतः तळची ओळ हा निव्वळ फैसला असतो; फिर्याद वर कोठे तरी, तीनचारशे ओळींच्या आड बसलेली असते, आणि एकीच्या पोटात दुसरी अशा उतरत्या कारणांची जी साखळी जावा छापते, तिच्यातले ‘कॉज्ड बाय’ या शब्दांनी सुरू होणारे सर्वांत शेवटचे कारण हेच बहुधा मूळ दुखणे असते. ते आम्ही शोधले. ‘क्लास नॉट फाउंड’. म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणी करणारा ड्रायव्हर सापडत नाही.

“सर, ड्रायव्हर आहे की!” ती जवळजवळ रागानेच म्हणाली, आणि तिने पीओएम फाइल उघडून दाखवली. मेव्हनच्या प्रत्येक प्रकल्पाचे सारे दप्तर या एका फायलीत असते. तीत ‘डिपेंडन्सीज’ या मथळ्याखाली ड्रायव्हरचे नाव, आवृत्ती, सर्व काही स्वच्छ लिहिलेले होते. इतकेच नव्हे, तर जुन्या अभियंत्याने तीच नोंद फायलीच्या खालच्या भागात, प्लगिनच्या कलमाच्या पोटात, पुन्हा एकदा केली होती, आणि ती दुबार पडली असे समजून आदल्याच दिवशी हिने कागद नीटनेटका करण्याच्या भरात काढून टाकली होती.

मी तिला त्या कारखान्याच्या फाटकापाशी घेऊन गेलो. उन्हात फिरण्याची हौस म्हणून नव्हे. त्या दिवशी टूलरूममध्ये डाय दुरुस्त करण्यासाठी बाहेरच्या ठेकेदाराचा एक फिटर आला होता, आणि फाटकावरच्या वहीत त्याच्या नावासमोर त्याच्या पेटीतील हत्यारांची यादी नुकतीच लिहिली गेली होती : ॲलन की संच एक, फीलर गेज एक, पितळी हातोडी एक, कानस तीन. पेटी हिरव्या पत्र्याची होती आणि किल्ल्या कापडाच्या सुरळीत गुंडाळलेल्या होत्या. या फिटरला कारखान्याच्या स्टोअरमधून साधा पाना देखील मिळत नाही, कारण स्टोअरच्या रजिस्टरात सही करण्याचा अधिकार फक्त कायम कामगाराला. मग स्टोअरमध्ये पान्यांच्या राशी पडलेल्या असोत. त्याने जे करायचे ते त्याच्या पेटीतल्या हत्यारांनी, आणि पेटीत काय आहे हे त्याच्या नावासमोरच्या यादीवरून ठरणार.

मेव्हनमधला प्लगिन हा असा ठेकेदाराचा माणूस आहे. प्रत्येक प्लगिनला मेव्हन एक स्वतंत्र आवार देते, आणि त्या आवारात प्लगिनच्या स्वतःच्या यादीतल्या वस्तू तेवढ्या ठेवल्या जातात. प्रकल्पाच्या सर्वसाधारण यादीत लिहिलेली वस्तू ही कारखान्याच्या स्टोअरमधली वस्तू. काही प्लगिन स्टोअरच्या खिडकीत डोकावण्याची व्यवस्था स्वतः करून आलेले असतात, आणि आमचा प्लगिनही संकलित झालेले वर्ग पाहण्यासाठी प्रकल्पाच्या आवारात डोकावत असे; पण ड्रायव्हर मात्र त्याला आपल्या पेटीतच लागे. जुन्या अभियंत्याची ती दुबार भासणारी नोंद म्हणजे फाटकावरच्या वहीतली यादी होती. वस्तू हरवलेली नव्हती. शोधणारा जेथे शोधत होता त्या दप्तरात तिची नोंद नव्हती. या व्यवसायातले जेवढे म्हणून ‘सापडत नाही’ प्रकारचे तंटे मी पाहिले, त्यांपैकी बहुतेकांचा निकाल ‘वस्तू कोठे आहे’ या प्रश्नाने लागलेला नसून ‘शोधतो आहे कोण, आणि त्याला दिसते काय’ या प्रश्नानेच लागलेला आहे.

हे अंदाजाने मानण्याची गरज नसते. मेव्हनला ‘एक्स’ ही खूण लावून चालवले की ते आपले अंतरंग सविस्तर लिहून काढते, आणि त्यात प्रत्येक प्लगिनच्या आवारात काय काय ठेवले याची फेरिस्तही येते. आम्ही ती फेरिस्त काढली. ड्रायव्हर तीत नव्हता. मुलगी गाळलेली नोंद परत लिहू लागली, आणि तिचा हात लिहिता असतानाच माझी नजर त्याच पानावर जरा खाली, प्लगिनला दिलेल्या आज्ञांच्या यादीकडे गेली. तेथे ‘ड्रॉप’ या शब्दापुढे ‘ट्रू’ असे होते, आणि डेटाबेसचा पत्ता कोणत्या फायलीतून घ्यायचा तिचे नाव होते.

ती फाइल उघडली. पत्ता जुन्या यंत्राचा होता. ज्या यंत्रावर कारखान्याची चालती चलने सात वर्षांपासून साठत होती, आणि सुटी संपून शुक्रवारी सकाळच्या शिफ्टला ज्याच्यावाचून एकही ट्रक फाटकाबाहेर पडला नसता, त्या यंत्राचा. ‘ड्रॉप’चा अर्थ, नवी टेबले मांडण्यापूर्वी त्या नावाची जुनी टेबले समूळ काढून टाकावीत. नव्याने बांधलेल्या घरासाठी हा हुकूम निरुपद्रवी असतो. नांदत्या घरात तो काय करील हे सांगायला नको. सकाळपासून आम्ही ज्या ड्रायव्हरच्या नावाने बोटे मोडत होतो, त्याच्या गैरहजेरीमुळेच बिल्ड दरवेळी उंबरठ्यावर अडली होती. मुलगी काही बोलली नाही. तिने कीबोर्डावरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मीही थोडा वेळ पाणी पिण्याचे निमित्त केले.

पत्ता बदलून नव्या सर्व्हरवरच्या रिकाम्या डेटाबेसचा केला, ड्रायव्हर पेटीत ठेवला, आणि बिल्ड चालवली. तळाशी ‘बिल्ड सक्सेस’. मुलीचा चेहरा उजळला. मी तिला डेटाबेसात टेबले मोजायला सांगितले. टेबले शून्य.

अपयशापेक्षा हे खोटे यश अधिक घातक, असे मी मानतो, आणि त्याचे कारण हायबरनेटच्या स्वभावात आहे. स्कीमा लिहिताना एखादा हुकूम डेटाबेसने फेटाळला तर ते ‘अनसक्सेसफुल’ असा शेरा मारून पुढच्या हुकुमाकडे वळते, आणि शेवटपर्यंत पोचल्याबद्दल मेव्हनला सर्व ठीक असल्याचा दाखला देते. वाटेत थांबावे अशी इच्छा असल्यास ‘हॉल्ट-ऑन-एरर’ हे कलम आपल्याला मुद्दाम घालावे लागते. आम्ही वर जाऊन शेरे वाचले. प्रत्येक टेबलाच्या हुकुमाशेवटी ‘टाइप’ बरोबर ‘इनोडीबी’ असे आले होते आणि मायएसक्यूएल नेमके त्या शब्दावर बोट ठेवून व्याकरणाची चूक दाखवत होते. निरनिराळ्या डेटाबेसांशी बोलण्याच्या तऱ्हांना हायबरनेट ‘डायलेक्ट’, म्हणजे बोली, म्हणते. आमच्या फायलीत जी जुनी बोली नेमली होती तीत टेबलाचा प्रकार ‘टाइप’ या शब्दाने सांगत, पण मायएसक्यूएलने ५.५ या आवृत्तीपासून तो शब्द या ठिकाणी मोडीत काढून ‘इंजिन’ हाच ग्राह्य धरला. जुन्या यंत्रावर ५.१ होती, नव्यावर ५.७. बोलीच्या नावात एक पाचाचा आकडा वाढवला, की हुकुमात ‘इंजिन’ येते. एवढाच उपाय.

टेबले उभी राहिली. मग सर्वांची नावे जुन्या यंत्रावरच्या नावांशी आम्ही समोरासमोर बसून ताडून पाहिली, कारण जुने यंत्र विंडोजचे होते आणि त्यावर मायएसक्यूएल टेबलांच्या नावांतला लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मानत नसे, तर नव्या लिनक्सवर तो काटेकोर मानला जातो. हाताने लिहिलेल्या दोन अहवालांत चलनाच्या टेबलाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू झालेले होते, ते सुधारले. ‘ड्रॉप’ पुढे ‘फॉल्स’ लिहिले. दुबार दिसणाऱ्या त्या नोंदीवर मुलीने एक टीप लिहिली : ही काढू नये, प्लगिनसाठी आहे.

निघताना सहा वाजून गेले होते आणि नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकापासून गाड्यांची रांग लागलेली दिसत होती. फाटकावर रखवालदार मामांनी वही उघडली आणि सकाळच्या नोंदीवरून बोट फिरवत आमच्या पिशव्या पाहिल्या. लॅपटॉप एक, बरोबर. पण मुलीच्या पिशवीतला चार्जर पाहून ते थांबले.

“मॅडम, ह्यो यादीत न्हाई.”

ती माझ्याकडे पाहून हसली आणि सकाळच्या नोंदीपुढे चार्जर लिहून घ्यावा म्हणून मामांची मनधरणी करू लागली.