टाकीवरचे स्टिकर काढताना

जुनी मोटारसायकल घरी आली की पहिल्याच रविवारी घरातला तरुण तिच्यामागे लागतो. आधीच्या मालकाचे नाव, त्याच्या मुलांची नावे, वाघाचे चित्र, सारे काढून गाडी आपली करायची असते. हौस रास्त आहे. पण चाकू, तारेची घासणी आणि थिनर घेऊन बसले तर तासाभरात टाकीचा रंग जातो. पत्रा उघडा पडला की पावसाळ्यात गंज धरतो, आणि स्टिकरपायी रंगाऱ्याचे पैसे भरावे लागतात. दुसरा रंग दिला तर आर.टी.ओ.कडे नोंदीची खेप पडते ती वेगळीच.

म्हणून, वाचकहो, आधी स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. नख अडले तर स्टिकर रंगाच्या वर आहे, ते निघेल. अजिबात अडले नाही, तर कारखान्यातच त्यावर पारदर्शक थर दिलेला असतो. ते सोलू गेल्यास थरही निघेल. ते तसेच असू द्या.

गाडी सावलीत लावा, इंजिन गार होऊ द्या, टाकीचे झाकण घट्ट बसवा. आत पेट्रोल आहे हे विसरू नका. जवळ विडी, चूल, दिवा नको. स्टिकरला आच तर मुळीच दाखवू नका. मग टाकी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. फडक्याखाली धूळ राहिली तर रंगावर चरे उमटतात.

आता गरम पाण्यात फडके बुडवून पिळा आणि स्टिकरवर दाबून धरा. असे चार-पाच वेळा करा. डिंक मऊ झाला की नखाने कोपरा उचला आणि स्टिकर मागे दुमडत हळूहळू ओढा. अडले तर जोर लावू नका, पुन्हा शेक द्या.

नावाचा बिल्ला असेल तर तो कशाने बसवला आहे ते पाहा. काही बिल्ले स्क्रूने बसवलेले असतात, काहींना मागून खुंट्या असतात. फोमच्या पट्टीने चिकटवलेला असेल तर शेक देऊन त्याच्यामागे तंगूस घाला आणि करवतीसारखा मागेपुढे ओढा. पेचकसाने उचकटू नका, टाकीला पोचा पडतो.

राहिलेल्या चिकट डागावर खोबरेल तेल लावून 10-15 मिनिटे थांबा व मऊ सुती फडक्याने चोळा. तेवढ्याने न निघाल्यास फडक्यावर थोडे रॉकेल घ्या. पण आधी आडोशाच्या जागी लावून रंग उतरत नाही ना, ते पाहा. थिनर आणि नखपॉलिश काढायचे औषध दूर ठेवा, त्याने रंग विरघळतो आणि प्लास्टिकचे भागही खराब होतात. शेवटी सगळे साबणाने धुऊन कोरडे करा.

स्टिकरखालच्या जागेला ऊन लागलेले नसते, म्हणून तेथे गडद छाप दिसेल. पॉलिशने ती थोडी फिकी होते, पुरती जात नाही. ती घालवण्यासाठी घासत बसू नका.

पोळ्याला आपण बैलाची शिंगे साळतो, ती पुन्हा वाढतात. टाकीचा रंग वाढत नाही. एक दुपार जास्त गेली तरी चालेल. घाई तेवढी नको.