रेझिनमधली पद्मिनी

दुकानात मिळणारी छोटी गाडी पोलादी साच्यातून निघते. तो साचा घडवायला लाखो रुपये लागतात, म्हणून कंपनी आधी हजारो नग खपतील की नाही ते बघते. फेरारी खपते, मस्टँग खपते. आपल्या रस्त्यांवर कित्येक दशकं धावलेली प्रीमियर पद्मिनी या हिशेबात सहसा बसत नाही.

अशा गाड्यांसाठी रेझिनची वाट आहे. कुणीतरी एक मूळ नमुना हाताने घडवतो, त्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा घेतो आणि त्या साच्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन ओततो. काही मिनिटांत पांढरट बॉडी हातात येते. रबरी साचा वीस-तीस बॉड्यांनंतर फाटू लागतो, पण तेवढ्या पुरतात. या कामाला कारखाना नको, एक खोली चालते. दक्षिण फ्रान्समध्ये ‘स्टार्टर’ आणि ‘प्रोव्हान्स मूलाज’सारख्या छोट्या कार्यशाळांनी ल माँच्या शर्यतीतल्या गाड्या अशाच १/४३ मापात आणल्या. मोठ्या कंपन्यांनी त्यातल्या कितीतरी गाड्यांकडे पाहिलंही नव्हतं.

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात बसून हे काम करायचं तर पद्मिनीसारखं दुसरं निमित्त नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे बाकासारखी एकसंध सीट. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत दाखल झाली. टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली.

कच्ची रेझिन बॉडी पहिल्यांदा पाहणारा निराश होतो. खिडक्यांवर पातळ पापुद्रा असतो, चाकांच्या कमानीत गाठी असतात, टप एका बाजूला झुकलेला आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मला मात्र हीच अवस्था सर्वांत मोलाची वाटते, कारण गाडीचा आकार इथेच ठरतो. आधी बॉडी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने घासून घ्यावी. साचा सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर पुढचा कुठलाच रंग धरत नाही. मग व्हर्नियर लावायचा. खऱ्या पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या १/२४ मापात साडेसत्त्याण्णव मिलिमीटर. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, त्यामुळे हा आकडा मनाने धरून चालत नाही. बॉडी वाकलेली असेल तर ती गरम पाण्यात बुडवून मऊ करायची, सपाट काचेवर दाबून सरळ करायची आणि त्याच स्थितीत गार होऊ द्यायची.

भोकं बुजवायला फेव्हीक्विक आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. दोन्ही भेटताच दगड होतो, म्हणून लगेच घासायला घ्यावं. मोठ्या खोलगटीला डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात तीच पुट्टी. घासायचं ते वॉटर पेपरने, पाण्याखाली, तोंडाला मास्क लावून, कारण रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट. गॅरेजातला जुना मिस्त्री डोळे मिटून तळवा फिरवतो आणि खड्डा कुठे आहे ते सांगतो. हातभर बॉनेटवर चालणारी ती युक्ती साडेसहा इंची बॉडीवर बोटाच्या पेराने करावी लागते. डोळ्यांपेक्षा पेर अधिक खरं सांगतं.

खरी अडचण जाडीची आहे. मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. रेझिनची भिंत दीड-दोन मिलिमीटरपेक्षा पातळ ओतली तर मोडते, आणि मापात मोजली तर ती चार-पाच सेंटिमीटर जाडीची भरते. एवढ्या जाड पत्र्याची गाडी कुणी बनवत नाही. यावर उपाय म्हणजे खिडक्यांच्या कडा आणि चाकांच्या कमानी आतल्या बाजूने तिरप्या कोरून धारेला आणायच्या. डोळा फक्त कड बघतो आणि सगळा पत्रा पातळ मानतो. या कामाला दिवसच्या दिवस जातात, आणि गाडी जिवंत वाटणार की खेळण्यातली, हे इथेच ठरतं. दारांच्या फटीही प्रायमरआधी खोल करून घ्याव्यात. चार मिलिमीटरची खरी फट मापात मिलिमीटरचा सहावा हिस्सा उरते आणि रंगाच्या दोन थरांत बुजून जाते.

इथे बुऱ्हाणपूर मधे येतं. गाव यंत्रमागांचं, आणि सुताची लव हवेत सतत तरंगते. ओल्या काळ्या रंगावर एक तंतू बसला तरी तो मापात दोरखंडाएवढा दिसतो. म्हणून रंगाच्या खोलीत आधी पाणी शिंपडायचं, पंखा बंद ठेवायचा आणि फवारा मारला की बॉडीवर लगेच झाकण घालायचं. मे महिन्यात रेझिन ओतायला गेलं तर ते कपातच घट्ट व्हायला लागतं. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या बॉडीचे बारीक खांब वाकतात. पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढुरकी झाक येते, आणि उघड्या राहिलेल्या रेझिनच्या बाटलीत ओल शिरली की पुढचं ओतकाम फेसाळतं. तापीकाठी हे काम दिवाळीनंतर, कोरड्या थंडीत करावं. पण गावाचे उपकारही आहेत. मागांच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानांत केसासारखी तांब्याची तार तुकड्यांनी मिळते. वायपर, दारांच्या मुठी आणि इंजिनाच्या वायरी तिच्यातून होतात.

रंगात आधी पिवळा, मग काळा. पिवळा खालचा रंग कमी झाकतो, तो काळ्यावर कधीच उजळत नाही. टप पिवळा करून टेपने झाकायचा आणि खालचा भाग काळा फवारायचा. थर जितका पातळ तितका चांगला, रंगालाही माप असतंच. काचा पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ शीटमधून कापायच्या, पुढच्या दारांतल्या त्रिकोणी काचा वेगळ्या. क्रोमच्या पट्ट्यांसाठी चिकट फॉइल वापरावं, कारण चंदेरी रंग क्रोमसारखा कधीच दिसत नाही. शेवटी डाव्या बाजूला बाहेर बसवलेला मीटर हवाच. त्याच्याशिवाय ती टॅक्सी होत नाही.

दुसऱ्याच्या बॉडीवरून गुपचूप साचा काढून ती विकणं या कामात चोरी समजली जाते, आणि ते योग्यच आहे. त्यापेक्षा स्वतःचा नमुना घडवावा. एखाद्या अंगणात, एखाद्या गॅरेजमागे पद्मिनी अजून उभी असते. मालकाची परवानगी घेऊन तिच्याजवळ टेप, पुठ्ठा आणि कात्री घेऊन बसावं. बॉनेटचा बाक पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावा. पुढच्या काचेचा कल, मागच्या पंखांची उंची आणि टपाची सर्वांत वर आलेली जागा टिपावी. छायाचित्रात हे तिन्ही हमखास फसवतात. टायरचं माप ५.२० - १४, म्हणजे १/२४ मध्ये साधारण पंचवीस मिलिमीटर व्यासाचं चाक. ते तेवढंच ठेवावं, शोभेसाठी मोठं करू नये.