वर्गातील शिस्त आणि शिक्षकाचे अवधान

वर्गात शिस्त राखणे म्हणजे गैरवर्तन दिसताच त्यास प्रतिबंध करणे, अशी शिक्षकवर्गाची सर्वसाधारण समजूत असते. शिक्षक रागे भरला की विद्यार्थ्याचे ते वर्तन कमी होते, हे त्या समजुतीत गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाचा प्रयोगनिष्ठ अभ्यास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात वेस्ली बेकर, चार्ल्स मॅडसेन, डॉन थॉमस व त्यांचे सहकारी यांनी केला. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात पहिलीच्या वर्गातील मुलांच्या उभे राहण्याची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. ‘खाली बसा’ या आज्ञेचे प्रमाण शिक्षिकांनी वाढविले, तेव्हा मुलांचे उभे राहणे कमी न होता वाढले. जागेवर बसून काम करणाऱ्यांची प्रशंसा होऊ लागली, तेव्हा ते कमी झाले.

याची मीमांसा अशी : आज्ञा होताच मूल खाली बसते, आज्ञा सफल झाली असे शिक्षिकेस वाटते आणि ती पुनःपुन्हा तीच आज्ञा देते. मुलाच्या बाजूने पाहता, उभे राहिल्याबरोबर त्याला शिक्षिकेचे अवधान लाभलेले असते. म्हणजे दोघांच्याही वर्तनाचे प्रबलन होते, आणि जे नाहीसे व्हावे तेच दृढमूल होते.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात नियम, दुर्लक्ष व प्रशंसा या उपायांचा क्रमाने अवलंब करण्यात आला. केवळ नियम सांगितल्याने फारसा फरक पडला नाही. गैरवर्तनाकडे दुर्लक्ष आणि योग्य वर्तनाची प्रशंसा यांची जोड मिळाल्यावर मात्र स्पष्ट सुधारणा झाली. तिसऱ्या प्रयोगात २८ मुलांच्या एका सुव्यवस्थित वर्गातील प्रशंसा थांबविली असता तेथेही गोंधळ वाढला. वर्ग शांत असतो तो केवळ मुलांच्या स्वभावामुळे, असे यानंतर म्हणता येत नाही.

या निष्कर्षांना मर्यादाही आहेत. एखादे मूल दुसऱ्यास मारीत असेल, तर तेथे दुर्लक्ष करणे हा कर्तव्यलोप होय. प्रशंसाही सरधोपट असून चालत नाही. जेरे ब्रोफी यांनी १९८१ साली केलेल्या विवेचनानुसार, नेमक्या कोणत्या कृतीबद्दल ती आहे हे विद्यार्थ्यास कळले पाहिजे. ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘तू उत्तर खोडून पुन्हा तपासलेस, हे चांगले केलेस’ असे म्हणणे अधिक परिणामकारक असते.

भारतात या प्रश्नाला कायद्याचेही अंग आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. परंतु कायद्याने छडी काढून घेतली, तरी तिच्या जागी काय यावे हे तो शिकवीत नाही. छडीची जागा रागावण्याने घेतली, तर वर उल्लेखिलेले चक्र तसेच चालू राहते.

अखेरचा प्रश्न हेतूचा आहे. या क्षेत्रातील संशोधनाने मुलांना स्थिर, मूक व आज्ञाधारक करण्यावरच भर दिला, अशी टीका विनेट व विंकलर यांनी १९७२ साली केली. ती रास्त होती. अवधान हे प्रभावी साधन आहे, म्हणूनच ते मौनाला द्यावे की जिज्ञासेला, याचा निर्णय शिक्षकाने वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच केलेला असावा.