हायड्रोजनचे दूरचित्रवाणीपर्व

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी 28 जानेवारी 2003 रोजीच्या अभिभाषणात हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींच्या संशोधनासाठी 120 कोटी डॉलरांची तरतूद मागितली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात आइसलंडच्या रेकयाविक नगरीत हायड्रोजन भरण्याचे केंद्र उघडले, तेव्हापासून 2008 च्या अखेरीपर्यंतचा काळ हा पाश्चात्त्य दूरचित्रवाणीवर या वायूच्या गौरवाचा काळ होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

त्या काळच्या माहितीपटांत लेकहर्स्ट येथे 1937 साली भस्मसात झालेले, हायड्रोजनने भरलेले हिंडेनबुर्ग हे हवाई जहाज वारंवार दिसे; त्यातील 97 जणांपैकी 62 जण वाचले, हा दाखला लोकांच्या मनातील धास्ती घालविण्यास उपयोगी होता, आणि तेवढे कार्य त्या माहितीपटांनी चोख बजावले. 2008 च्या एप्रिलात अमेरिकेच्या 'नोव्हा' मालिकेने मोटारींचे जाणकार माग्लिओत्सी बंधू यांना सूत्रधार करून भविष्यातील मोटारीचा शोध घेतला, तर डिसेंबरात बीबीसीच्या 'टॉप गिअर'मध्ये जेम्स मे यांनी होंडाची हायड्रोजनवर चालणारी एफसीएक्स क्लॅरिटी मोटार चालवून तिचा मुक्तकंठाने पुरस्कार केला.

या सर्व चित्रणाचा कळस म्हणजे गाडीच्या नळीतून ठिबकणारे निर्मळ पाणी. परंतु हायड्रोजन मुळात येतो कोठून, या प्रश्नाकडे कॅमेरा क्वचितच तितक्या आस्थेने वळला. आइसलंडात नद्यांची आणि भूगर्भातील उष्णतेची वीज मुबलक, म्हणून तेथे पाण्याचे विघटन करून इंधन मिळविणे शोभून दिसले. अन्यत्र मात्र जगाचा बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासूनच निघत होता, आणि वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जात होता. त्या कारखान्यांची धुराडी पडद्यावर आली असती, तर प्रेक्षकाला संपूर्ण तपशील मिळाला असता; तो त्याचा हक्कच होता. 2006 सालच्या 'हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?' या चित्रपटाने मात्र विजेच्या मोटारीचा घात करणाऱ्यांत हायड्रोजनपासून वीज बनविणाऱ्या इंधनघटालाही दोषी ठरविले. तो निवाडा मला कठोर, पण त्या काळी अत्यावश्यक वाटतो.

आता भारत सरकारने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांच्या हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी देऊन 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले आहे. किलोमागे सुमारे 50 युनिट वीज धरली, तर हा हिशेब वर्षाला 25,000 कोटी युनिटांवर जातो, आणि आपल्याकडील माहितीपटकारांनी पहिले चित्रीकरण त्या विजेच्या उगमापाशी करावे, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.