करीपेक्षा मोझगोव्ह महाग कसा? २०१६ च्या उन्हाळ्यातून डेटा वाचायला शिकूया

एक छोटा तक्ता डोळ्यांसमोर आणा. लीग एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा. मोसम २०१६–१७. तक्त्यात दोनच ओळी आहेत.

पहिली ओळ गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टीफन करीची. लागोपाठ दोन मोसम तो एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला होता. दुसऱ्यांदा तर एकमतानं, आणि तसं एनबीएच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं होतं. पगार सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर.

दुसरी ओळ लॉस एंजेलिस लेकर्सचा सेंटर तिमोफे मोझगोव्ह याची. आधीच्या मोसमात त्यानं सामन्यामागे सरासरी ६.३ गुण केले होते. पगार १ कोटी ६० लाख डॉलर.

आता समजा तुमच्या संशोधनाचा प्रश्न आहे, ‘चांगले खेळाडू घेतल्यानं संघ जिंकतो का?’ चांगलेपणा मोजायला काहीतरी हवं, म्हणून तुम्ही पगाराचा रकाना उचलता. आकडे स्वच्छ आहेत, सगळ्यांचे मिळतात, सॉफ्टवेअरला कुठलीच अडचण नाही. पण तुमच्या विश्लेषणात मोझगोव्ह हा करीपेक्षा चांगला खेळाडू ठरतो. चूक गणितात नाही. तो आकडा कसा जन्माला आला हे न विचारता आपण तो वापरला, तिथे चूक आहे. ती नीट समजून घ्यायला २०१६ च्या ऑफसीझनइतकं चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल.

आधी नियम

मोसम संपला की ज्यांचे करार संपले ते खेळाडू फ्री एजंट होतात. आयपीएलच्या लिलावात जास्त बोली लावणारा संघ खेळाडू घेऊन जातो. इथे तसं नाही. फ्री एजंट स्वतः संघ निवडतो. पण संघाच्या हातात किती पैसा आहे यावर मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. लीगच्या उत्पन्नावरून ती दरवर्षी ठरते. स्वतःचा जुना खेळाडू राखायला कॅप ओलांडायची काही प्रमाणात सोय आहे. दुसऱ्याचा मोठा खेळाडू आणायचा तर मात्र कॅपखाली जागा लागते.

आणखी तीन नियम लक्षात ठेवा. एक, एका खेळाडूला जास्तीत जास्त किती द्यायचं याला छत आहे आणि ते अनुभवाच्या वर्षांनुसार बदलतं. दोन, किमान पगारही ठरलेला आहे. तीन, संघाला एकूण कॅपच्या ९० टक्के तरी खर्च करावा लागतो. नाही केला, तर तेव्हाच्या नियमानुसार उरलेली रक्कम त्याच संघाच्या खेळाडूंत वाटली जात असे. म्हणजे पैसे वाचवून फारसा फायदा नाही.

मग पूर आला

२०१४ मध्ये एनबीएनं ईएसपीएन आणि टर्नर यांच्याशी प्रक्षेपणाचा नऊ वर्षांचा, सुमारे २,४०० कोटी डॉलरचा करार केला. तो लागू होणार होता २०१६–१७ पासून. लीगनं सुचवलं होतं की कॅप टप्प्याटप्प्यानं वाढवूया. खेळाडूंच्या संघटनेनं २०१५ मध्ये ते नाकारलं. मग झालं असं की कॅप २०१५–१६ मध्ये ७ कोटी डॉलर होती, ती एका झटक्यात ९ कोटी ४१ लाखांवर गेली. साधारण ३४ टक्के वाढ!

खेळाडू तेच, त्यांचं कौशल्य तेच. बदलला फक्त पैसा, आणि तोही सगळ्या संघांसाठी एकाच दिवशी. ज्यांना प्रयोगशाळेत प्रयोग करता येत नाही, ते संशोधक अशाच घटनांच्या शोधात असतात. याला ‘नैसर्गिक प्रयोग’ म्हणतात. बाहेरून एकच गोष्ट बदलते, बाकी बहुतेक सगळं जागेवर राहतं.

१ जुलैला बाजार उघडला आणि पहिल्या काही तासांतच लेकर्स आणि मोझगोव्ह यांचं जमलं: चार वर्षं, ६ कोटी ४० लाख डॉलर. मागोमाग लुओल डेंगला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख. लेकर्सची बाजूही समजून घ्या. कोबी ब्रायंट निवृत्त झाला होता, संघ आधीच्या मोसमात १७ सामने जिंकून ६५ हरला होता. मोठे तारे अशा संघाकडे सहसा वळत नाहीत, आणि पैसा तर खर्च करायलाच हवा.

इथे ‘विजेत्याचा शाप’ ही कल्पना कामाला येते. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल लिहिताना ती मांडली. जमिनीखाली तेल किती हे कुणालाच नक्की माहीत नसतं, प्रत्येक कंपनी अंदाज बांधते. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी बरोबर असली, तरी लिलाव जिंकते ती सर्वांत जास्त अंदाज बांधणारी कंपनी. म्हणजे जिंकणाराच बहुतेक वेळा जास्त मोजून बसतो. फ्री एजंटच्या बाजाराचंही असंच आहे. आपल्या तक्त्यात जो पगार दिसतो तो बाजाराचा सरासरी अंदाज नसून बहुतेक वेळा सर्वांत आशावादी संघाचा अंदाज असतो.

करी स्वस्त का?

करीनं तो करार २०१२ मध्ये केला होता. तेव्हा त्याचा घोटा सारखा दुखावत होता. २०११–१२ च्या ६६ सामन्यांच्या छोट्या मोसमात तो फक्त २६ सामने खेळला होता. संघानं चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख डॉलर दिले आणि तेव्हा ती संघानं घेतलेली जोखीमच वाटत होती. म्हणजे २०१६–१७ च्या रकान्यात दिसणारा करीचा आकडा हा प्रत्यक्षात २०१२ सालच्या घोट्याचा भाव आहे. एकाच रकान्यात वेगवेगळ्या वर्षांचे अंदाज शेजारी शेजारी बसलेत.

वॉरियर्सनी काय केलं

हा स्वस्त करी आणि वाढलेली कॅप एकत्र आली, म्हणून वॉरियर्सना केविन ड्युरँटच्या मागे लागता आलं. ते नुकतेच ७३ सामने जिंकून फक्त ९ हरले होते (हा विक्रम आहे), पण अंतिम फेरीत ३–१ आघाडीवर असताना क्लीव्हलँडकडून हरले होते. ओक्लाहोमा सिटी थंडरच्या ड्युरँटनं सहा संघांशी बोलणी केली आणि ४ जुलैला वॉरियर्सची निवड जाहीर केली.

मग जागा करायची धावपळ सुरू झाली. करार संपलेल्या खेळाडूवर संघाचा हक्क असेपर्यंत त्याच्या नावानं काही रक्कम कॅपमध्ये धरलेली असते. त्यामुळे वॉरियर्सनी हॅरिसन बार्न्सवरचा हक्क सोडला, तो डॅलसला गेला. सेंटर अँड्र्यू बोगटलाही डॅलसकडेच पाठवलं. फेस्टस एझेलीला दिलेला प्रस्ताव मागे घेतला. मग रिकाम्या जागी झाझा पाचुलिया सुमारे २९ लाख डॉलरमध्ये आला आणि डेव्हिड वेस्ट किमान पगारावर.

आता पगाराच्या रकान्याकडे पुन्हा बघा. ड्युरँटला सुमारे २ कोटी ६५ लाख मिळाले, बार्न्सला सुमारे २ कोटी २१ लाख. फरक फारसा वाटत नाही ना? पण आधीच्या मोसमात ड्युरँटची सरासरी २८.२ गुण होती, बार्न्सची ११.७. दोघांनाही आपापल्या अनुभवगटाचा कमाल पगार मिळाला होता! बाजार ड्युरँटला याहून किती जास्त द्यायला तयार होता हे या आकड्यावरून कधीच कळणार नाही, कारण नियमानं तो वरून कापलाय. संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात. वजनकाटा ५० किलोपर्यंतच दाखवत असेल, तर ६० किलोचं आणि ९० किलोचं पोतं दोन्ही ५० च दिसणार.

खालच्या टोकालाही तेच. वेस्ट दोनदा ऑल-स्टार राहिलेला खेळाडू. २०१५ मध्ये त्यानं इंडियानाकडचे १ कोटी २० लाखांहून जास्त डॉलर सोडले होते, कारण त्याला विजेतेपदाची संधी हवी होती. त्याचा किमान पगार गुणवत्ता सांगत नाही, त्याची इच्छा सांगतो.

एझेली: घाईनं निष्कर्ष काढू नका

एझेलीनं पोर्टलंडशी करार केला, पण गुडघ्यामुळे तो तिथे एकही सामना खेळला नाही. लगेच मनात येतं, ‘जुन्या संघाला आतलं माहीत होतं, म्हणून त्यांनी सोडला.’ अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिताना हीच शंका मांडली होती. विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त माहिती असते, म्हणून बाजारात आलेला माल हा सगळ्या मालाचा नमुना नसतो.

कल्पना बरोबर आहे. पण वॉरियर्सना ड्युरँटसाठी जागाही करायचीच होती. एझेलीचा गुडघा ठणठणीत असता तरी त्याला कदाचित सोडावंच लागलं असतं. एका कृतीमागे दोन कारणं असतील आणि डेटातून ती वेगळी करता येत नसतील, तर ‘हेच कारण’ असं लिहायचं नाही. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षक नेमकं इथेच पकडतात.

फायदा झाला का?

२०१६–१७ मध्ये वॉरियर्स ६७ जिंकले, १५ हरले. म्हणजे ड्युरँट आल्यावर साखळीतले विजय सहानं कमी झाले! पण बाद फेरीत त्यांनी १६ सामने जिंकले आणि फक्त एक गमावला, विजेतेपद घेतलं. २०१८ मध्ये पुन्हा घेतलं. यशाचं माप म्हणून साखळीतले विजय घेतले तर ड्युरँटला आणणं तोट्याचं दिसतं, विजेतेपद घेतलं तर अफाट फायद्याचं. माप कोणतं हे डेटा बघण्याआधी ठरवायचं असतं, नाहीतर हवं ते उत्तर काढता येतं.

लेकर्सचं काय झालं? पुढचा मोसम २६ विजय आणि ५६ पराभव. जून २०१७ मध्ये मोझगोव्हला ब्रुकलिनकडे पाठवताना डीअँजेलो रसेलसारखा तरुण खेळाडूही सोबत द्यावा लागला. २०१८ मध्ये डेंगला पैसे देऊन मोकळं केलं. नको झालेला करार काढायला पुन्हा किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत पगाराच्या रकान्यात कुठेच नोंदली जात नाही.

तुमच्या डेटाला विचारायचे प्रश्न

कुठलाही रकाना वापरण्याआधी एका कागदावर चार उत्तरं लिहा:

१. हा आकडा कधी ठरला? आज, की चार वर्षांपूर्वी?
२. तो कुठे कापला गेलाय का, वरून किंवा खालून?
३. या तक्त्यात कोण आलंच नाही, आणि का?
४. बाहेरून काय बदललं, ज्याचा मला मोजायच्या गोष्टीशी संबंध नाही?

हे फक्त बास्केटबॉलपुरतं नाही. प्रवेश परीक्षेचे गुण आणि पुढची प्रगती यांचा संबंध तपासायचा, आणि डेटा मात्र फक्त प्रवेश मिळालेल्यांचा. बघा, तिसरा प्रश्न लगेच समोर उभा राहतो. कमी गुणवाले तक्त्यात नाहीतच, मग संबंध क्षीण दिसणारच. त्यावरून ‘परीक्षेचा काही उपयोग नाही’ असं लिहिलं, तर ते मोझगोव्हला करीच्या वर बसवण्यासारखंच आहे.

आणि २०१६ सारखा उन्हाळा पुन्हा येईल म्हणून थांबू नका. २०२३ च्या सामूहिक करारात कॅपची वार्षिक वाढ जास्तीत जास्त १० टक्के ठेवली आहे. नवा, आणखी मोठा प्रक्षेपण करार २०२५–२६ पासून लागू झाला तेव्हा कॅप १४ कोटी ६ लाखांवरून १५ कोटी ४६ लाखांवर गेली, म्हणजे बरोबर १० टक्के. संघांसाठी ते सोयीचं झालं. आपल्याला मात्र अभ्यासायला २०१६ चाच उन्हाळा आहे. त्या वर्षीचे करार उघडा, पगाराशेजारी ‘करार कधी झाला’ हा एक रकाना वाढवा आणि तक्ता पुन्हा वाचून बघा.